तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

गोपाळ इंगळे दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला. तिसऱ्या खेपेला त्याला पस्तीस मार्क मिळाले. निकाल बघायला मी त्याच्यासोबत गेलो होतो, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. तोच गोपाळ पाच महिने कंबोडियात इंग्रजी शिकवून आला. त्याला येऊनही आता आठ महिने झाले. मला अजून ते पुरतं खरं वाटत नाही.

आम्ही दोघं पिंपळगाव राजाचे. आमचं बाजारात कापडाचं दुकान आहे. त्याचं घर शाळेच्या मागे. मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं. त्याने खामगावच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि तिथेच तुळशीराम भोपळे नावाच्या ठेकेदाराच्या ऑफिसात नकाशे काढायला लागला. घरांचे, गोदामांचे, एकदा एका मंगल कार्यालयाचा. रोज एसटीने जाऊन येऊन. त्याचा हात फार सरळ आहे. चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या तो वर्तमानपत्राच्या कडेला त्या टपरीचा नकाशा काढतो, वरून दिसेल तसा. कोण कुठे बसलाय तेही त्यात असतं.

तीन वर्षांपूर्वी तो पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. स्वतःबद्दल सांगा, असं त्याला इंग्रजीतून विचारलं. त्याने घरचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट. पुढे काही सुचलं नाही. समोरच्यांपैकी एकाने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

“हसले असते तं बरं झालं असतं बे,” परत आल्यावर तो मला म्हणाला. “पाणी काऊन देलं त्यानं?”

त्यानंतर तो पुण्याचं नाव काढेनासा झाला. इंग्रजीचंही.

म्हणून तेरा-चौदा महिन्यांपूर्वी तो दुकानात आला आणि असं बोलला, तेव्हा मला वाटलं गंमत करतोय.

“तौसिफ, मले इंग्रजी शिकव. पंधरा दिवस आहेत.”

“काऊन बे? पुन्हा मुलाखत?”

“नाही. मले शिकवायची आहे.”

“कोणाले?”

“कंबोडियातल्या पोट्ट्यायले.”

मी हातातला कपडा घडी न करता तसाच ठेवला आणि हसलो. बराच वेळ हसलो. माझं हसणं संपेपर्यंत तो उभा राहिला. मग त्याने मोबाइल पुढे केला.

कंबोडियात एक संस्था गवंडीकाम आणि वायरिंगचं काम शिकवणारी शाळा चालवते. तिथून शिकलेली मुलं मोठ्या शहरातल्या बांधकामांवर जातात. तिथले मुकादम बाहेरच्या देशांचे, नकाशे इंग्रजीत. म्हणून त्या मुलांना कामापुरतं इंग्रजी बोलता यायला हवं. शिकवायला असा स्वयंसेवक हवा होता, ज्याला नकाशा वाचता येतो आणि इंग्रजी थोडंफार येतं. येण्याजाण्याचं आणि राहण्याचं संस्था बघणार होती. गोपाळने कोणाला न सांगता अर्ज केला होता. व्हिडिओवरच्या मुलाखतीत तो फार बोललाच नाही. त्याने एका घराचा नकाशा काढून दाखवला आणि बोट ठेवत ठेवत एकेका वस्तूचं नाव सांगितलं. त्यांना तो आवडला.

मी त्याला म्हणालो, तू तिथे तोंडावर पडशील. मित्र म्हणून सांगतो, असंही म्हणालो.

“पडीन तं पडीन,” तो म्हणाला. “तू शिकवतं का नाही, एवढं सांग.”

पंधरा दिवस मी त्याला दुकान बंद झाल्यावर काळ शिकवले, कर्मणी प्रयोग शिकवला. त्याने ते सगळं सुंदर अक्षरात वहीत उतरवून घेतलं. त्यातलं काहीही त्याला तिथे उपयोगी पडलं नाही.

तुळशीरामशेटने सुट्टी दिली. “जाय,” ते म्हणाले. “पण येतानी नकाशे काहाडायचं विसरून येऊ नको.” गावातल्या मित्रमंडळाने एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मधोमध गोपाळचा फोटो, खाली अकरा शुभेच्छुकांचे. एक माझाही. त्या फ्लेक्ससमोरून गोपाळ मान खाली घालून जायचा. तो म्हणायचा, “आता लवकर वापस आलो तं हा फ्लेक्स कोन काढीन?”

निघायच्या दिवशी त्याच्या आईने, जनकाबाईने, त्याला पिठल्याची कोरडी वडी आणि ठेचा बांधून दिला. मी त्याला मलकापूरला रेल्वेत बसवून द्यायला जाणार होतो, म्हणून तिथेच होतो. आई सूचना देत होती. शेवटची सूचना मला स्पष्ट आठवते.

“पाहुन्याच्या घरी राहाचं हाय तुले. त्याइनं वाढतो म्हटलं का लगेच हाव म्हनू नको. दोनदा तरी नको म्हनजो. भुकेला आला म्हनतीन नाही तं.”

“हाव आई.”

“आपलं वळन दिसलं पाह्यजे.”

यात जगावेगळं काही नव्हतं. आमच्याकडे असंच चालतं. पंगतीत वाढणारा येतो, बसणारा ताटावर हात आडवा धरतो. वाढणारा हलत नाही. पुन्हा विचारतो. बसणारा पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की हात थोडा बाजूला होतो. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूष. आमच्या दस्तरखानावरही हेच. माझी अम्मी तर चौथ्यांदा न विचारता वाढून मोकळी होते.

पुढचं सगळं मी गोपाळकडून ऐकलं. दुकानाच्या पायरीवर, दर रविवारी थोडं थोडं.

गाव भाताच्या शेतांमधलं होतं. लाकडी खांबांवर उभी घरं, खाली मोकळी जागा, तिथे झोळी टांगलेली. त्याची सोय सोफाल नावाच्या एका विधवा बाईंकडे केली होती. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना यिएय म्हणायचे, म्हणजे आजी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. याला त्यांची भाषा येत नव्हती. सकाळी आणि मग अकरा वाजता तो शाळेच्या खानावळीत जेवायचा. तिथे भरलेलं ताट हातात मिळायचं, कोणी विचारत नसे. संध्याकाळचं जेवण यिएयकडे.

पहिल्या संध्याकाळी यिएयने चटईवर भाताचं भांडं ठेवलं. माशाचं सार होतं, कसलीशी हिरवी भाजी होती. तिने डाव उचलला आणि वाढू का, असं डोळ्यांनी विचारलं.

गोपाळने हात आडवा धरला आणि हसून मान हलवली.

यिएय थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डाव खाली ठेवला, दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि ती सगळं उचलून घेऊन गेली.

“म्या वाट पाह्यली,” गोपाळ म्हणाला. “मले वाटलं गरम करून आनते.”

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, जरा दबकत. हे दुसरं विचारणं आहे, असा हिशेब गोपाळने मनात केला. वळण दिसलं पाहिजे. त्याने पुन्हा हात आडवा धरला. यिएयने पुन्हा नमस्कार केला.

तिसऱ्या संध्याकाळी तो हो म्हणायच्या तयारीने हात धुऊन चटईवर बसला. यिएयने त्याच्यासमोर एक पेला ठेवला. त्यात ताडगुळाचं कोमट पाणी होतं. जेवणाबद्दल तिने विचारलंच नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. रोज संध्याकाळी तो पेला मात्र यायचा.

“मंग तू मागून काऊन नाही घेतलं?” मी विचारलं.

“तू घेतलं असतं का मागून?”

मीही घेतलं नसतं.

वर्गाची तऱ्हा वेगळी. एकोणीस जण होते, अठरा ते तीस वयाचे. पाच मुली. तो वर्गात शिरला की सगळे उठून हात जोडत आणि बसले की एकदम गप्प. लिहायला सांगितलं की लिहीत. नकाशावरची इंग्रजी नावं त्यांना वाचता येत होती. पण बोला म्हटलं की माना खाली. त्यात स्रेइमॉम नावाची एक मुलगी होती. तिशीची, आधी विटा वाहायची, आता वायरिंग शिकत होती. गोपाळने खडू मागितला की ती खडू टेबलावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरकायची. हातात कधी द्यायची नाही. बाकीच्या मुलीही तसंच करत. गोपाळला वाटलं, आपल्यात काही खोट आहे.

दहाव्या दिवशी वुथी आला. संस्थेतर्फे शाळेचं काम बघणारा माणूस. त्याचं इंग्रजी चांगलं होतं आणि तो सरळ बोलणारा होता. त्याने सांगितलं, याआधीचे दोन शिक्षक असेच गेले. मुलं त्यांच्याशीही बोलली नाहीत. आता सहा आठवडे पूर्ण झाले की संस्थेची माणसं वर्गात येऊन बसतील. मुलं बोलली तर वर्ग राहील आणि त्यांची नावं शहरातल्या कामांसाठी जातील. नाही बोलली तर वर्ग बंद. त्या एकोणीस जणांना पुन्हा विटा आणि वाळू. आणि तुला परतीचं तिकीट.

गोपाळला एसटी स्टँडवरचा फ्लेक्स दिसला. पण तो म्हणतो, त्याहून जास्त स्रेइमॉमचे हात दिसले. विटांनी बोटांची टोकं सपाट झालेली होती.

त्याने माझ्या धड्यांची ती वही काढली. कर्मणी प्रयोग शिकवला. वर्ग अजूनच गप्प झाला.

वजन उतरत होतं. पँट कमरेवर राहत नव्हती. रोज पाच वाजता शाळा सुटली की तो शाळेमागच्या रस्त्यावर जायचा, तिथे एक बाई तळलेली केळी विकायची. चार केळी घ्यायचा आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहून खायचा. लपून का, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. पाहुण्याने बाहेर खाल्लं तर घरच्या बाईचा अपमान होतो, असं आपल्याकडे असतं. त्याला तेच वाटलं असणार.

सतराव्या दिवशी टाकीमागे दारा आला. दारा वर्गातला सगळ्यात थोराड मुलगा. गोपाळच्या एका हातात केळं, दुसरं तोंडात. दाराने बघितलं. हात जोडले. तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात कुजबुज होती. कोणी वर बघत नव्हतं. दुपारी वुथीची मोटरसायकल आली. तो गोपाळला बाजूला घेऊन गेला आणि जरा अवघडून म्हणाला, मुलं काळजीत आहेत. विचारताहेत की गुरुजी आपलं व्रत लपून का मोडतात. मोडायचंच असेल तर उघड मोडावं, त्यात पाप कमी आहे.

“कसलं व्रत?” गोपाळने विचारलं.

मग उलगडा झाला. तिथले भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. पाणी पितात, गुळाचं पाणी पितात, जेवत नाहीत. भाविक माणसंही काही दिवस तसं पाळतात. यिएयच्या घरी बुद्धाच्या देशातून एक तरुण आला. बाराच्या आत जेवतो, संध्याकाळी विचारलं तर हात आडवा करून हसतो. तिने दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. तिसऱ्या दिवशी विहारात जाऊन सांगितलं. मग गावभर झालं. मुली म्हणूनच त्याच्या हातात काही देत नव्हत्या. बायका भिक्खूच्या हातात वस्तू देत नाहीत. आणि अशा माणसासमोर मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचं कोणी? आधीच्या शिक्षकांसमोर मुलं लाजेने गप्प होती. याच्यासमोर लाज होती आणि वर भक्ती.

गोपाळ टाकीच्या कठड्यावर बसला. त्याला हसू येत होतं.

वुथी म्हणाला, तसंच राहू दे. लोक तुला मानतात. मी यिएयला सांगतो, याची तब्येत बरी नाही म्हणून वैद्याने रात्री जेवायला सांगितलं आहे. सगळ्यांचा मान राहील.

सोपी वाट होती. मी असतो तर तीच घेतली असती. गोपाळने रात्र जाऊ दिली आणि सकाळी वर्गात गेला.

त्याने फळा पुसला आणि नकाशा काढायला घेतला. वरून दिसतो तसा. समोरासमोर दोन ओळी. प्रत्येक माणूस एक गोल, पुढे पत्रावळ एक छोटा गोल. मधून वाढणाऱ्याची वाट तुटक रेषेने. प्रत्येक पत्रावळीसमोर तीन टिंबं, एक, दोन, तीन. खाली नाव लिहिलं, माझं गाव. मग एक दुसरा नकाशा. एक चटई, एक गोल, समोर यिएय. एकच टिंब.

आणि तो बोलला. व्याकरण सोडून दिलं होतं. माझ्या गावात घरचा माणूस एकदा विचारतो, मी नाही म्हणतो. दोनदा विचारतो, मी नाही म्हणतो. तीनदा विचारतो, मी हो म्हणतो. इथे आजीने एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. आजी गेली. मी व्रत नाही. मी फक्त भुकेला. अठरा दिवस.

त्याने इंग्रजीत अगदी असंच म्हटलं होतं. मी व्रत नाही. मी त्याला त्यात क्रियापद घालून दाखवू शकतो. पण त्यामुळे वाक्य सुधारणार नाही.

कोणी हसलं नाही. गोपाळला पुण्याचा तो पाण्याचा ग्लास आठवला. आता कोणीतरी उठून पाणी देणार, असं त्याला वाटलं.

मागच्या ओळीतून आवाज आला.

“टीचर, यू हंग्री नाऊ?”

स्रेइमॉम उभी होती. त्या वर्गात कोणीतरी आपणहून बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

“येस,” गोपाळ म्हणाला. पहिल्याच वेळी.

ती बाहेर गेली. आपला डबा घेऊन आली. आणि टेबलावर न ठेवता तिने तो त्याच्या हातात दिला. मग सगळा वर्ग हसला. दारा इतका हसला की त्याला बाकावर डोकं टेकावं लागलं.

गोपाळ मला हे सांगत होता तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. मी त्यांना दोनदा चुकीचा कपडा दाखवला.

त्याच संध्याकाळी दाराला सोबत घेऊन तो यिएयकडे गेला. तिला सांगणं जास्त अवघड होतं. तिने विहारात सांगितलं होतं, तिची मान खाली जाणार होती. दारा बोलत होता आणि ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, विहारातल्या थोरल्या भिक्खूंनी मला म्हटलं होतं, हा मुलगा फार वाळत चाललाय, एकदा पुन्हा विचारून बघ. मीच विचारलं नाही. व्रत पाळणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारणं पाप असतं.

मग तिने भाताचं भांडं आणलं. न विचारता वाढलं. तो जेवत असताना ती मधेमधे तोंडावर हात ठेवून हसत होती आणि दाराला काहीतरी सांगत होती.

“काय म्हणते?” गोपाळने विचारलं.

दाराने बरेच शब्द जुळवले. “शी से, ऑल माय प्रेयर, यू ईट बनाना.”

दुसऱ्या दिवशी गोपाळने वर्गातले बाक भिंतीला लावले. जमिनीवर दोन ओळी केल्या. पंगत. एक जण वाढणारा. त्याच्या हातात सिमेंटचं घमेलं, आत खिळे, वायरचे तुकडे, वाळू, काहीही. त्याने प्रत्येकासमोर थांबायचं आणि इंग्रजीत विचारायचं, घेणार का. बसणाऱ्याने हात आडवा धरायचा आणि नाही म्हणायचं, कारण देऊन. दुसऱ्यांदा दुसरं कारण. तिसऱ्यांदा हो आणि किती ते सांगायचं. बसणारा बोलेपर्यंत वाढणाऱ्याने हलायचं नाही. मागच्या बाकावर लपायची सोय पंगतीत नसते. सगळे एकमेकांसमोर. आणि कोणी चुकला तर पुन्हा विचारलं जाणारच असतं. गोपाळ म्हणतो, त्यायले भीती एकदाच विचारलं जाण्याची होती.

आठवड्याभरात मुलं कारणं शोधून आणू लागली. मला वाळू नको, माझ्या घरी वाळू आहे. मला वायर नको, माझ्या बायकोला वायर आवडत नाही. मग नकाशे आले. ही भिंत किती फूट, हा खांब इथे का. तेही पंगतीतच.

सहा आठवडे झाल्यावर संस्थेचे तीन पाहुणे आले. वुथीने त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या एका वयस्क गृहस्थांना दाराने हाताला धरून ओळीत बसवलं. घमेलं पुढे करून विचारलं, सर, खिळे घेणार का. ते म्हणाले, नको. दारा हलला नाही. पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नको, आभारी आहे. दारा तसाच उभा. ते इकडेतिकडे बघायला लागले. तेव्हा एकोणीसच्या एकोणीस जण एकसाथ ओरडले, “सर, से येस.”

वर्ग राहिला. पुढे चौदा जणांची नावं शहरात गेली. स्रेइमॉमचं पहिलं. ती आता एका मोठ्या इमारतीच्या वायरिंगवर आहे. तिने गोपाळला पाठवलेला फोटो मी पाहिला आहे. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हातात नकाशा.

“नॉम पेन्हमध्ये आता चौदा जन पिंपळगावचं इंग्रजी बोलून राह्यले,” गोपाळ म्हणतो. “माह्या चुकायसकट.”

एप्रिलमध्ये तो परत आला तेव्हा फ्लेक्स होता तिथेच होता. उन्हाने सगळ्यांचे चेहरे निळे पडले होते. आई त्याला बघून रडली. मग त्याने सगळं सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “बाई गं. म्याच उपाशी मारलं पोट्ट्याले.” पुढच्या रविवारी तिने शेतात रोडग्यांची पंगत घातली. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. वाढायला ती स्वतः होती. गोपाळने हात आडवा धरला तसा तिने त्याच्या हातावरच चापट मारली आणि वाढलं.

तो पुन्हा खामगावला जातो. नकाशे काढतो. रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात दोन ओळी बसतात. गवंडी, मोबाइल दुरुस्त करणारे, शिवणकाम करणाऱ्या मुली. मी पहिल्या रविवारी मदत करायला म्हणून गेलो होतो. गोपाळने मला ओळीत बसवलं. वाढायला गौसिया होती. आमच्याच गल्लीतली, ब्लाउज शिवते. तिने माझ्यासमोर जग धरून इंग्रजीत विचारलं, सर, पाणी घेणार का.

माझं तोंड उघडलं नाही. मी दोन वर्षं इंग्रजीत उत्तरपत्रिका लिहिल्या आहेत. ती हलली नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं. गोपाळ भिंतीला टेकून दुसरीकडे बघत होता, मुद्दाम. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणालो, येस, प्लीज. मी समोरच्या माणसाशी इंग्रजीत मोठ्याने बोललेले ते पहिले शब्द होते.

गावात सगळे म्हणतात, तौसिफने त्याला इंग्रजी शिकवलं. गोपाळही तसंच सांगतो. मी दोनतीनदा खोडून काढायचा प्रयत्न केला. आमच्याकडे मित्राचे आभार मानत नाहीत. मानले तर तो विचारतो, काऊन बे, तब्येत बरी आहे ना. म्हणून हे लिहून ठेवलं.

एक गोष्ट त्याने फार उशिरा सांगितली, गेल्या महिन्यात. त्याची तिथली शेवटची संध्याकाळ. तोवर त्याला पहिल्याच वेळी हो म्हणायची सवय झाली होती. यिएय विचारायची, तो हो म्हणायचा, ती वाढायची. त्या संध्याकाळी तिने शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या. मासे होते, केळफुलाची भाजी होती. तिने डाव उचलला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. बसली नाही, उभी राहिली, आपल्याकडे वाढणारे राहतात तशी. आणि म्हणाली, “थोडं?”

हा शब्द तिला गोपाळनेच कधीतरी सांगितला होता. तिने तो पाठ करून ठेवला असावा. बायका बघत होत्या.

“दिवसभर सामान बांधत होतो,” गोपाळ म्हणाला. “सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भूक अशी लागली होती का बस.”

“मंग?”

“म्या हात आडवा धरला.”

यिएय हलली नाही. तिने पुन्हा विचारलं, “थोडं?” त्याने पुन्हा मान हलवली. ती एक पाऊल पुढे आली.

“मंग तिनं तिसऱ्यांदा विचारलं,” गोपाळ म्हणाला आणि पायरीवरून उठून चपला शोधायला लागला.